तवनाप्पाचं शून्य

ही हकिकत घडायला अजून वीस-एक वर्षं अवकाश आहे, त्यामुळे ती खोटी ठरवायची ज्यांना घाई आहे त्यांनी जरा दम धरावा. घडून गेली की मग बोलू.

कृष्णाकाठच्या पेवठाण गावात एक अग्निशमन केंद्र होतं आणि त्या केंद्रात तवनाप्पा चौगुले नावाचा एक माणूस होता. वय सत्तावन्न, नोकरी तीस वर्षं, आणि नाडीचे ठोके मिनिटाला अठ्ठावन्न. हा तिसरा आकडा नीट ध्यानात ठेवा, सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे. लोक सांगत, एका महापुरात तवनाप्पाच्या गमबुटात नाग जाऊन बसला होता. तवनाप्पानं पाय आत घातला, काहीतरी हललंसं वाटलं, तसा पाय बाहेर काढला, बूट उलटा करून झटकला, नागाला ‘जा बाबा’ म्हणाला आणि पुन्हा बूट चढवला. नाग म्हणे बराच वेळ तिथंच बसून होता, घाबरून.

केंद्रात तवनाप्पाकडं वायुशोधक यंत्रं सांभाळायचं काम होतं. आगीत माणूस जळून मरतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो आधी हवेनं मरतो. म्हणून आत शिरणाऱ्या प्रत्येक जवानाच्या छातीवर चिमट्यानं अडकवलेलं एक यंत्र असतं. ऑक्सिजन किती, विषारी वायू किती, भडकणारा वायू किती, हे ते मोजतं आणि वेळ आली की किंचाळतं. तवनाप्पा नोकरीला लागला तेव्हाची यंत्रं साबणाच्या वडीएवढी आणि स्वभावानं सुनेसारखी होती. नीट वागवलं तर सोनं. रोज सकाळी त्यांना अंगणात, मोकळ्या हवेत आणायचं आणि ‘ही बघ, ही चांगली हवा’ असं सांगून शून्यावर बसवायचं. मग छोट्या नळकांड्यातला ठरावीक वायू हुंगवून ती ओरडतात का ते बघायचं. याला सगळे बंप टेस्ट म्हणत. गाळण्या बदलायच्या, बॅटरी बघायची. आणि जवळपास कुणाला टायर चमकवायचा फवारा मारू द्यायचा नाही, कारण त्यातलं सिलिकॉन पोटात गेलं की यंत्राचं एक नाक कायमचं बंद पडतं आणि ते सांगतसुद्धा नाही. गप्प हिरवा दिवा दाखवत राहतं.

“शून्य चुकलं की सगळं चुकलं,” तवनाप्पा नव्या पोरापोरींना सांगायचा. “घाण हवेत शून्य लावलंत, तर त्याला घाणच चांगली वाटणार. त्याचा काय दोष?”

हे वाक्य त्यानं तीस वर्षांत हजारदा सांगितलं असेल. ऐकलं मात्र एकदाही नसावं.

पुढं नवी यंत्रं आली. कागदोपत्री त्यांचं नाव लांबलचक होतं, जवानांनी त्याचं ‘नाक्या’ करून टाकलं. नाक्याच्या आत चाराऐवजी शंभरएक बारीक संवेदक होते आणि त्याला रोज शून्य लावावं लागत नसे. तो ते आपलं आपण शिकायचा. कसा, तर प्रत्येक नाक्याला एक सांभाळकर्ता असे. त्याच्या मनगटावर एक पट्टी. हवा बिघडली तर माणसाच्या डोक्याला कळायच्या आधी छातीला कळतं, ठोके वाढतात. नाक्या छातीवर बसून हवाही हुंगायचा आणि पट्टीवरून सांभाळकर्त्याची नाडीही ऐकायचा. ज्या हवेत माणूस दिवसचे दिवस निवांत, ती हवा चांगली. ज्या हवेत दचकतो, ती वाईट. दिवसभर जे शिकला ते नाक्या संध्याकाळी जिल्ह्यातल्या बाकीच्या नाक्यांना सांगायचा. आणि ज्याची नाडी सगळ्यांत स्थिर, त्याच्या नाक्याच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वजन.

आता अठ्ठावन्न ठोक्यांच्या माणसापुढं कोण टिकणार? तवनाप्पा जिल्ह्यात पहिला आला. दोनशे चाळीस नाक्यांचा तो गुरू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून त्याला शाल दिली, प्रमाणपत्र दिलं. घरी बायको सुमतीनं ते वाचलं आणि म्हणाली, “काही न करता शांत बसल्याबद्दल सत्कार. हे मी अठ्ठावीस वर्षं फुकट बघतेय.”

इथवर सगळं चांगलं होतं. घोळ झाला तो जेवणाच्या डब्यापाशी.

पेवठाण हे हळदीचं गाव. हळद साठवायला इथं जमिनीत पेवं असतात. पेव म्हणजे भुईत पुरलेला अवाढव्य रांजण समजा. तोंड इतकं अरुंद की खाऊनपिऊन सुखी असलेला अडत्या त्यातून आत जाऊ नये, आणि पोट इतकं मोठं की दोन-अडीचशे पोती हळद गडप व्हावी. आतून शेणामातीनं लिंपायचं, उसाचा पाला पसरायचा, हळद भरायची, तोंडावर फरशी आणि वर मातीचा ढीग. आत हळद, पाला आणि चुकून गेलेले किडे सगळे मिळून असेल नसेल तो ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग कीड मरते, बुरशी थांबते, हळदीचा रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून पेवात हळद टिकते, आणि म्हणूनच तिथं माणूस टिकत नाही.

तवनाप्पाचा बाप नेमगोंडा पेवात उतरणारा हमाल होता. आठ-नऊ वर्षांच्या तवनाप्पाला तो कधीकधी कंबरेला दोर बांधून, आदल्या दिवशी उघडून हवा खाल्लेल्या पेवात खाली सोडायचा. खाली पिवळा अंधार. बापाचे केस पिवळे, भुवया पिवळ्या, हसला की दात तेवढे पांढरे. पोती मोजताना बाप एक म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन, अशी लयीत मोजणी चालायची आणि पेवाच्या पोटात तो आवाज असा घुमायचा की दहा बाप बोलताहेत असं वाटे. घरी गेल्यावर आई दोघांना मागच्या दारी उभं करून घागरीनं आंघोळ घालायची. पिवळं पाणी परसातल्या अळवाला जायचं. त्या अळवाच्या वड्या जन्मजात पिवळ्या असत, असं तवनाप्पा शपथेवर सांगायचा.

दोन हजार पाचच्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, धंदा बसला. बाप त्यानंतर दोन पावसाळे टिकला. पेवं बुजली, वर घरं झाली. पुढं शीतगृहांची वीज परवडेनाशी झाली तेव्हा अडत्यांना पेवं पुन्हा आठवली. उंचावरच्या माळावर नवी खोदली, काही जुनीही उकरली. त्यांतलं एक जुनं, तोंड धड बंद न होणारं पेव अग्निशमन केंद्राच्या मागच्या भिंतीला लागून होतं. हळदीची पन्नासएक पोती कुणीतरी त्यात ठेवली होती आणि विसरला होता. वरची फरशी निम्मी सरकलेली.

एका दुपारी तवनाप्पा डबा घेऊन त्या पेवात उतरला. सहज. वास कसला येतो ते बघायला.

छातीवर नाक्या होताच, चार्जिंगची वेळ सोडून सांभाळकर्त्यानं तो उतरवायचा नाही असा नियम. खाली पोचल्यावर नाक्या लगेच किंचाळला. साध्या हवेत ऑक्सिजन शेकडा एकवीसच्या जरा खाली असतो, इथं एकोणीस पूर्णांक दोन. तवनाप्पानं दिवा बघितला, किंचाळणं ऐकलं आणि पोत्यावर बसून भाकरी मोडली. वरून उजेडाची तिरीप येत होती, तिच्यात पिवळी धूळ तरंगत होती. हळदीच्या त्या जुन्या, कोंदट, उबदार वासात त्याला अंगात सैल पडल्यासारखं झालं. डोळे मिटले तर बाप मोजतोय. लाभ. दोन. तीन. मनगटावरचे ठोके चौपन्न.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग रोज. नाक्या आधी किंचाळायचा, मग कुरकुरायचा, दीड महिन्यानं नुसता चुळबूळ करायचा आणि दोन महिन्यांनी गप्प झाला. हिरवा दिवा, वीस पूर्णांक नऊ. तवनाप्पाला वाटलं, फरशी सरकलेली आहे, हवा खेळायला लागली असणार. माणसाला जे हवं असतं ते त्याला पटतंच. फेब्रुवारीत कुणीतरी येऊन फरशी आणखी ओढून घेतली, फक्त माणूस जाईल एवढी फट राहिली, तरी तवनाप्पाचं जेवण तिथंच.

मार्चमध्ये शेटे अडत्यांच्या पेवात बकरीचं करडू पडलं.

वर्दी आली तेव्हा तवनाप्पा भांडारात होता. त्याचा नाक्या चार्जिंगवरून काढून इब्राहिम मुल्लानं छातीला लावला. इब्राहिम त्याच्याच तुकडीतला, बरोबरीनं नोकरीला लागलेला. तीस वर्षं दोघांनी एकमेकांचे दोर धरले होते. इब्राहिमचा एक हट्ट असे, आत जायचं तर तवन्याच्या हातचं यंत्र पाहिजे. दुसरं चालत नसे. “दुसऱ्यांची यंत्रं बरोबर असतील,” तो म्हणायचा, “पण तवन्याचं यंत्र मला ओळखतं.”

शेट्यांचं पेव आदल्या दिवशीच, तेही अर्धवट, उघडलेलं होतं. इब्राहिमनं नाक्या दोरीनं खाली सोडून बघितला. हिरवा, वीस पूर्णांक नऊ. तो पुन्हा छातीला अडकवून, मुखवटा न लावता इब्राहिम शिडीनं उतरायला लागला. सहाव्या पायरीवर त्याचे गुडघे गेले. कंबरेला दोर होता म्हणून वरच्या तिघांनी ओढून काढला. ओठ निळे, डोळे पांढरे, आणि छातीवर नाक्या आपला हिरवागार. करडू आधीच मेलं होतं.

तीन दिवस इब्राहिम दवाखान्यात होता. यंत्र बनवणाऱ्यांकडून अन्विता फडतरे नावाची इंजिनिअर पुण्याहून आली. अठ्ठावीसेक वर्षांची, केस आखूड, बोलणं भरभर. तिनं नाक्या उघडला, शंभर संवेदक एकेक करून तपासले. सगळे ठणठणीत. “मशीन निरोगी आहे,” ती केंद्राच्या प्रमुख सुनंदा वाघमोडे यांना म्हणाली. “त्याला सगळं बरोबर कळतंय, आतल्या नोंदी खऱ्या आहेत, पडद्यावर तेवढं वीस पूर्णांक नऊ दाखवतंय. फक्त त्याला ते वाईट वाटत नाहीये.” असं का, ते तिला कळेना.

तवनाप्पाला कळलं होतं. इब्राहिमला स्ट्रेचरवरून उतरवताना त्याच्या कपड्यांना हळदीचा तोच कोंदट वास होता, त्याच क्षणी कळलं होतं. पण तो काही बोलला नाही. दोनशे चाळीस यंत्रांच्या गुरूनं काय सांगायचं, की मी पेवात भाकरी खात होतो? नऊ महिन्यांवर निवृत्ती होती. संशय त्याच्यावर कुणाचाच नव्हता, आणि नसलेला संशय ओढवून घ्यायला फार मोठी छाती लागते.

तो इब्राहिमला भेटायला गेला. खाटेवर इब्राहिम उशीला टेकून बसला होता. त्याची बायको शमीम मोसंबं सोलत होती.

“ये,” इब्राहिम म्हणाला. “बघ म्हातारा कसा झोपून खातोय.”

“बरं वाटतंय?”

“बरंच वाटत होतं रं, तेच तर. पडताना काय भीती नाही, काय नाही. गार झोप आल्यासारखं.” त्यानं पाठीमागची उशी नीट केली. “तवन्या, मी अर्ज देतोय. आधीच रिटायर होतो.”

“का?”

“यंत्र तुझ्या हातचं. ते चुकणार नाही. म्हणजे हवा चांगलीच होती, माझंच शरीर संपलं. डॉक्टर म्हणतात हृदय ठीक आहे, पण त्यांना काय कळतंय? सहा पायऱ्या उतरता येईनात मला. उद्या कुणाचा दोर माझ्या हातात असला आणि मी असाच बसलो खाली, तर?”

शमीम मोसंब्याकडं बघत म्हणाली, “दोन दिवस हेच चालू आहे भाऊजी. झोपेतसुद्धा पायऱ्या मोजतात.”

तवनाप्पानं खुर्ची जवळ ओढली. तीस वर्षांत त्यानं जळत्या गोदामांत, विहिरींत, साखर कारखान्याच्या टाकीत आवाज न चढवता सूचना दिल्या होत्या. आता चार वाक्यं सांगायला त्याला पाणी प्यावं लागलं. पण सांगितली. पेव, डबा, बाप, दोन महिन्यांत गप्प झालेला नाक्या, सगळं.

इब्राहिम बराच वेळ चादरीची किनार चाळवत राहिला.

“म्हणजे मी ठीक आहे,” इब्राहिम शेवटी म्हणाला.

“तू ठीक आहेस.”

“आणि तू रोज दुपारी तिथं जेवत होतास. मी खुळ्यासारखा कँटीनमध्ये तुझी वाट बघायचो. म्हणायचास, घरी जाऊन येतो.”

“व्हय.”

“तीस वर्षं काय लपवलं नाहीस माझ्यापासून. लपवलंस ते हे?” त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. “जा आता. मॅडमना सांग. मला सांगितलंस तसंच सांग, पाणी पिऊन.”

वाघमोडे मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडल्या की चष्मा काढत, म्हणजे समोरचा नीट दिसत नसे आणि बोलायला सोपं जाई. बोलल्या त्या भरपूर. अन्विता मात्र उठून उभी राहिली होती, तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांचं कोडं सुटल्याचा आनंद लपत नव्हता.

“म्हणजे हे एक यंत्र नाही,” ती म्हणाली. “दोनशे चाळीस. सगळ्यांना पेवातली हवा चांगली वाटतेय, कारण चौगुले आण्णांना वाटते. आणि जिल्ह्यात दुसरा कुणी सांभाळकर्ता पेवात जातच नाही, मग खोडणार कोण?”

“पुसून टाका की,” मॅडम म्हणाल्या.

“पुसलं तर सहा वर्षांचं सगळंच जाईल. कारखान्यांचे वायू, गटारं, शीतगृहातली अमोनियागळती, सगळं नव्यानं शिकायला निदान चार महिने. तोवर नाक्या म्हणजे छातीवरचा बिल्ला.”

चार महिने म्हणजे हंगाम संपला. पुढच्या आठवड्यापासून माळावरची साठएक पेवं उघडायची होती. जुनी यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती.

“दुसरा रस्ता आहे,” अन्विता तवनाप्पाकडं वळली. “ज्यानं शिकवलं त्यानंच खोडायचं. यंत्राला आम्ही असं बनवलंय की शंभर दिवसांच्या शांततेपेक्षा एका खऱ्या भीतीला जास्त वजन. माणसाचंही तसंच असतं ना. तुम्ही मुखवटा लावून, सिलिंडर घेऊन, पेवातल्या खराब हवेत उतरायचं. आणि तिथं घाबरायचं. ठोके एकशे वीसच्या वर, एकदाच. बास.”

“एवढंच?” मॅडम म्हणाल्या.

तवनाप्पाला एक विचारायचं होतं. “बाई, तिथं मला इतकं बरं वाटायचं, ते...”

अन्वितानं नोंदी बघितल्या. “शेवटच्या महिन्यात ऑक्सिजन सतरा-अठराच्या आसपास होता तिथं. तेवढी तूट असली की काही माणसांना गुंगी येते. हलकं वाटतं, उगाच समाधान वाटतं. बरं झालं तुम्ही जेवण लवकर उरकत होता.”

ती सहज बोलून गेली. तवनाप्पाला ते मॅडमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बाप येऊन बसत होता की नुसता ऑक्सिजन कमी होता? घरी जाऊन त्यानं सुमतीला विचारलं. ती म्हणाली, “बाप आठवायला पेवात कशाला जायला लागतं? सासूबाईंना तर तुमच्या शिंकेत मामंजी ऐकू यायचे.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “उतरणार आहात का?”

“उतरलो आणि घाबरलो,” तवनाप्पा म्हणाला, “तर ते सगळं गेलं. नाक्याला खोडून देईन, पण ते माझ्याही आत खोडलं जाईल. हळदीचा वास आला की मला घर आठवतं गं. उद्या काय आठवेल?”

सकाळी उठून सुमतीनं त्याचा गणवेश इस्त्री करून ठेवला होता.

शेट्यांचं तेच पेव निवडलं, त्या दिवसापासून फरशी लावून बंद ठेवलेलं. सकाळी दहाची वेळ, माळावर ऊन, पेवाच्या तोंडाभोवती सातआठ माणसं. तवनाप्पा मुखवटा चढवून, पाठीला सिलिंडर, छातीवर नाक्या, शिडीनं तळाशी गेला. नाक्या हिरवा. जुन्या पद्धतीनं मोजणारं, कंपनीत उरलेलं एकुलतं यंत्र अन्वितानं पुण्याहून आणवलं होतं, ते दोरीनं खाली सोडलं तर त्यात चौदा. माणूस काही मिनिटांत आडवा होईल अशी हवा.

“ठोके?” मॅडमनी विचारलं.

“छप्पन्न,” अन्विता म्हणाली.

दहा मिनिटं गेली. पंचावन्न.

“आण्णा,” अन्वितानं कानातल्या यंत्रातून सांगितलं, “घाबरा ना.”

“बघतोय,” खालून आवाज आला. “जमेना.”

मग एकेकानं हातभार लावला. एका जवानानं वरून सापाची भीती घातली. मॅडमनी विभागीय चौकशीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पेन्शन अडकेल म्हणाल्या. अठ्ठावन्न. अडत्या शेटे म्हणाला, “पेव ढासळायला लागलंय,” त्यावर खालून उत्तर आलं, “लिंपण चांगलं आहे शेट, काळजी नको.” वास्तविक मुखवट्यातून हळदीचा वाससुद्धा येत नव्हता. पण हात लिंपणाला लागले की बोटांना जुनं सगळं आठवत होतं. भुई उबदार होती. बाप इथंच कुठंतरी पुढच्या पोत्यापाशी वाकलेला असेल असं वाटत होतं. स्वच्छ, पूर्ण ऑक्सिजन घेऊनसुद्धा वाटत होतं. तवनाप्पाला मनातून बरं वाटलं. पोरीचं गणित चुकलं होतं, बाप खरा होता. ठोके चौपन्न.

मॅडमनी वैतागून फोन काढला आणि वरिष्ठांशी बोलायला बाजूला गेल्या. “यंत्रं पुसून टाकू,” एवढं त्यांचं अन्वितानं ऐकलं.

इब्राहिम इतका वेळ लिंबाच्या सावलीत बसून होता. दवाखान्यातून सुटून त्याला दोनच दिवस झाले होते आणि त्या दिवसानंतर तो तवनाप्पाशी एक अक्षर बोलला नव्हता. तो उठला. बूट काढले. कंबरेला दोर बांधला, गाठ स्वतः दोनदा ओढून बघितली आणि दोराचं टोक तिघा जवानांच्या हातात दिलं. “मी हात उचलला की ओढायचं,” तो म्हणाला. “हात उचलला नाही तर लगेच ओढायचं.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं शिडीवर पाय ठेवला. तोंडाला मुखवटा नाही.

खाली तवनाप्पाला आधी कळलं ते एवढंच की अंधार झाला. पेवाचं तोंड कुणाच्या तरी अंगानं भरलं होतं. मग उघडे पाय दिसले. डाव्या टाचेवर भाजल्याचा जुना डाग, एका रंगाच्या गोदामातला. ते पाय त्यानं ओळखले.

“इब्राहिम,” तो मुखवट्यातून म्हणाला. “वर जा.”

“का? हिरवा आहे ना तुझा?”

“हवा खराब आहे. तुला माहीत आहे.”

“मला काय माहीत? मी आपला तुझ्या यंत्रावर जातो. तीस वर्षं जातोय.” एक पायरी. “तुला इथं बरं वाटतं. बघू तरी काय आहे एवढं.” आणखी एक. “तीन झाल्या बघ. मागच्या वेळी सहाव्याला बसलो होतो.”

तवनाप्पानं वर बघितलं. चौथी पायरी. इब्राहिमचा आवाज जरासा लांबला होता. पाचवी. “छान वाटतंय रं,” इब्राहिम म्हणाला आणि हसला. हे हसू तवनाप्पाच्या ओळखीचं होतं. आरशात नव्हे, पोत्यावर बसून डोळे मिटल्यावर आपल्याच ओठांवर जाणवलेलं, हलकं, बिनकारणाचं, गुंगीचं हसू.

शिडीवरची बोटं सैल होताना दिसली.

तवनाप्पानं शिडी धरली आणि वर झेपावला. सिलिंडर भिंतीला आपटला, लिंपणाचा पोपडा त्याच्या डोक्यावर कोसळला. “ओढा,” तो म्हणत होता, पण कानातलं यंत्र निसटलं होतं आणि मुखवट्यात तो आवाज त्याच्यापुरताच होता. त्यानं खांदा इब्राहिमच्या पायांखाली लावला. पाय गार होते. बाप, मोजणी, पिवळा उजेड, काहीही उरलं नव्हतं. हे एक भोक होतं आणि त्यात त्याचा मित्र मरत होता. आणि छातीवर, त्याच्या हनुवटीखाली, पेवात कित्येक महिने मुका असलेला नाक्या अचानक असा किंचाळला की वरच्या तिघांनी हात उचलल्याची वाट न बघता दोर खेचला.

इब्राहिम बाहेर आला, पाठोपाठ तवनाप्पा. ऑक्सिजन लावल्यावर दोन मिनिटांत इब्राहिमच्या ओठांना रंग आला. मॅडम धावत आल्या. फोन अजून हातातच होता आणि चष्मा काढलेला होता.

“तुमच्यावर मी कारवाई करणार आहे, मुल्ला,” त्या म्हणाल्या.

“करा मॅडम.” त्यानं मान वळवून अन्विताला विचारलं, “किती?”

“एकशे त्रेचाळीस.” ती हातातल्या पडद्याकडं बघत होती. “लाल झालाय. बाकीच्यांकडं संध्याकाळी जाईल. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस.”

इब्राहिमनं डोळे मिटले. “तवन्या,” तो म्हणाला, “एकशे त्रेचाळीस म्हणे.”

तवनाप्पा जमिनीवर बसला होता. मुखवट्याचा पट्टा त्याला सुटेना, शेवटी अन्वितानं सोडवला. “हसू नकोस,” तो इब्राहिमला म्हणाला. “आता हसू नकोस. जरा वेळ तरी.”

“बरं,” इब्राहिम म्हणाला आणि खरंच हसला नाही.

त्या हंगामात साठ पेवं उघडली. ज्या-ज्या पेवात हवा वाईट होती, त्या-त्या ठिकाणी नाक्या ओरडला आणि कुणी पडलं नाही. स्थिर नाडीच्या यादीत तवनाप्पा पहिल्यावरून एकशे सत्त्याऐंशीव्या जागी गेला. सुमतीनं प्रमाणपत्र काढून कपाटात ठेवलं. म्हणाली, आता कुठं माणसांत आलात.

मे महिन्यात केंद्रामागचं ते जुनं पेव बुजवायला मजूर आले. आधी पोती काढायची म्हणून त्यांनी फरशी पूर्ण बाजूला केली आणि दोन दिवस पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तवनाप्पा तिथं गेला. उतरला नाही, काठावर उभा राहिला. वारा सुटला होता, हवा स्वच्छ होती, अगदी सकाळच्या अंगणासारखी. खालून हळदीचा वास आला. तोच, जुना, उबदार. त्यानं डोळे मिटले आणि बापाच्या आवाजाची वाट बघितली.

उघडे पाय दिसले. शिडीवर. पाचव्या पायरीवर.

मनगटावरचे ठोके चढत गेले आणि छातीवर नाक्या ओरडायला लागला. मजुरांनी दचकून माना वर केल्या. एकानं विचारलं, “आण्णा, हवा खराब आहे का?”

“हवा चांगली आहे,” तवनाप्पा म्हणाला. “तुम्ही चालू द्या.”

नाक्या बंद करायचं बटण अंगठ्याखाली होतं. त्यानं ते दाबलं नाही. यंत्र ओरडत राहिलं, आणि तो ते ओरडणं शेवटचं पोतं वर येईपर्यंत ऐकत तिथं उभा राहिला.